गाणं मोठीमायचं, क्लेम दुकानदाराचा: बसस्टँडमागच्या दुकानाचा रिव्ह्यू

आधी स्टार सांगून टाकतो म्हणजे ज्याला पुढचं वाचायला वेळ नाही तो मोकळा. पाचापैकी साडेतीन. पुतण्या म्हणे काका एकच द्या, बायको म्हणे असं काही लिहूच नका, कायले उगाच वाद. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण दुकानदाराची सख्खी बहीण आमच्याच गावात दिलेली आहे, रोज नळावर भेट होते, आणि आमच्या मोठीमायच्या गाण्यावर यानं युट्यूबवर हक्क सांगितला त्याचं भांडण आता मिटलं पण आहे. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या बसस्टँडमागे असं एक दुकान सापडेलच, त्यातलंच हे एक समजा.

दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली. समोर काउंटर, झेरॉक्स मशीन, पासपोर्ट फोटोचा निळा पडदा, पीएम किसान, लाडकी बहीण, सातबारा, पोलीस भरतीचे फॉर्म, रिचार्ज. मागे एक हिरवा पडदा आहे अन् त्याच्या मागे स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे काय तर तिन्ही भिंतींना अंड्याचे ट्रे चिकटवलेले, वर गोधडी ठोकलेली, एक माइक, एक कॉम्प्युटर, आणि एक टेबलफॅन जो रेकॉर्डिंगच्या वेळी बंद ठेवावा लागतो म्हणून मे महिन्यात तिथं गाणाऱ्याचा पार घामटा निघतो. पण आवाज येतो चांगला, खोटं कायले बोलू.

या माणसाचा मूळ धंदा मेमरी कार्ड भरून देण्याचा. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल, साध्या की-पॅडच्या फोनचे दिवस होते, बाजाराच्या दिवशी कार्ड काढून द्यायचं, भाजी घेऊन येईपर्यंत भरून तयार. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं अन् सगळे म्हणाले आता हा धंदा बसला. शहरात बसला असेल. आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, आजही एक काडी रेंज येते ती पण धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाखाली उभं राहिलं तर. बाबांकडे तो लाल चौकोनी स्पीकर आहे, घरी त्याला भजनाचा डब्बाच म्हणतो, तो रोवणीपासून कापणीपर्यंत शेतात वाजतो आणि त्याला कार्डच लागतं. म्हणून दुकान चालू आहे. पन्नास रुपयांत कार्ड भरून मिळतं, पूर्वी तीस होते.

फोल्डरची नावं वाचण्यासारखी आहेत बरं का. भजन, भीमगीत, जुनं, डीजे नागपूर, हळद, झाडीपट्टी, आणि एक आहे 'रडाचे'. लग्न मोडलेले पोट्टे ते भरून नेतात म्हणे.

आता हे कायद्यात बसते का, तर नाही बसत. स्वतःच्या खाजगी वापरापुरतं थोडी सूट आहे, पण पैसे घेऊन दुसऱ्याला गाणी भरून देणं हे सरळ कॉपीराइटचं उल्लंघन. कायदा १९५७ चा आहे, त्यातल्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड लिहिलेला आहे. हे मला पुतण्यानं सांगितलं, तो नागपूरला एलएलबी करून राहिला. मी म्हटलं तुझ्या आजोबाच्या डब्ब्यात काय आहे मग? तो म्हणे काका तो विषय वेगळा. वेगळा कसा ते काही त्यानं सांगितलं नाही.

पण मला या दुकानदाराची एक गोष्ट आवडते आणि अर्धा स्टार त्याच गोष्टीचा आहे. झाडीपट्टीचं चालू सीझनचं नाटक तो भरून देत नाही. किती पण पैसे द्या. दिवाळीपासून होळीपर्यंत मंडई म्हणजे जत्रा अन् शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, त्यांच्या निमित्तानं इकडं रात्रभर नाटकं चालतात, वडशाहून बुकिंग होते, तिकीट लावून प्रयोग होतात, आणि पहिल्या रांगेत बसून कोणी पूर्ण नाटक मोबाइलवर शूट करून टाकलं की पुढच्या गावच्या मंडळाचं तिकीट कोण घेईल? हे त्याला कोणत्या कलमानं नाही शिकवलं, अर्धे कलाकार त्याच्याच दुकानात फोटो काढायला येतात म्हणून तोंड दाखवायची लाज आहे. मागच्या सीझनची भरून देतो. म्हणजे हिंदी सिनेमावाल्याची लाज नाही, वडशाच्या कलाकाराची आहे. मला विचाराल तर हा हिशेब मला कायद्यापेक्षा लवकर समजते. २०२३ ला आपल्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हा याच माणसानं काउंटरच्या काचेवर पेपरमधला फोटो चिकटवला होता, अजून आहे, पिवळा पडला.

बाबांचा एक किस्सा इथंच सांगून टाकतो. मागच्या वर्षी मी शहाणपणा करून एका गाण्याच्या अ‍ॅपचे वर्षाचे पैसे भरले, म्हटलं आता चोरीची गाणी नको, बाबांच्या फोनात जुनी गाणी डाउनलोड करून दिली. वर्ष संपलं. गाणी दिसायची पण वाजायची नाहीत, कुलूप लागलं. बाबा म्हणे, "पैसे देल्ले ना तू? मंग गाणं कोठं गेलं? कॅसेट त पैसे देल्ल्यावर आपलीच राहे." त्यांना समजावून सांगितलं की बाबा आपण गाणं विकत घेतलंच नव्हतं, किरायानं आणलं होतं. मग पुतण्यानं ज्ञान दिलं की ते कुलूप तोडणं पण गुन्हा आहे, २०१२ ला कायदा बदलला त्यात आलं, हक्क बुडवायच्या इराद्यानं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. बाबांनी विचारलं, "आन् निस्तं ऐकाच्या इराद्यानं तोडलं त?" पुतण्या गप. दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः एसटीनं जाऊन पन्नास रुपये देऊन कार्ड भरून आले.

मिक्सिंगबद्दल. लग्नाचा व्हिडिओ हा माणूस एकदम मस्त बनवून देतो, आणि यातलं त्याला खरंच कळते. लग्नात, वरातीत गाणं वाजवायला कोणाची परवानगी लागत नाही, कलम ५२ मध्येच तसं आहे, आणि जुलै २०२३ ला केंद्राच्या उद्योग खात्यानं नोटीस काढून पुन्हा एकदा सांगितलं की लग्नवाल्यांकडून अशी वसुली करू नका. पण तेच गाणं वाजत असलेला व्हिडिओ युट्यूबवर टाकला की तिथल्या गाणी ओळखणाऱ्या यंत्राला कलम ५२ समजत नाही, ते फक्त कानानं ओळखते. म्हणून हा दोन कॉप्या देतो. एक पेन ड्राइव्हवर घरच्यासाठी, खऱ्या गाण्यांची. दुसरी युट्यूबसाठी, त्यात गाणी काढून फुकटातलं म्युझिक टाकलेलं. माझ्या साळ्याच्या हळदीचा व्हिडिओ युट्यूबवर बघा तुम्ही, मामी डीजेवर फुगडी घालून राहिली अन् मागं कुठल्या तरी गोऱ्याची दुःखी गिटार वाजून राहिली. पण व्हिडिओ उडाला नाही हे खरं.

डीजेचा रीमिक्स पण करून देतो, मधे मधे स्वतःचं नाव ओरडणारा आवाज टाकतो, दर चाळीस सेकंदाला. याचा मला वैताग आहे, अर्धा स्टार इथं कापला. मूळ गाणं दुसऱ्याचं, ढोल नागपूरच्या कोण्या डीजेचा, अन् नाव तुझं? मी हे म्हटलं तर म्हणे भाऊ नाव नाही टाकलं तर दुसरा उचलून नेते. म्हणजे चोरीच्या मालाला चोरी होऊ नये म्हणून कुलूप. पण यात तोंड वर करून बोलायची आमचीही सोय नाही, आमच्या खंजिरी भजन मंडळात निम्मी भजनं सिनेमाच्या चालीवर आहेत. शब्द आपले, चाल त्यांची. माझ्या आजोबांच्या वेळेपासून असंच चालत आलं, जी चाल लोकांच्या तोंडी असते तिच्यावर भजन बसवलं की पहिल्या रात्रीच सगळं गाव टाळी धरते. रीमिक्स हा शब्द आत्ता आला, काम जुनंच आहे.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी एवढं टाइप करून राहिलो.

आमची मोठीमाय, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको, सत्तरीच्या पुढची. रोवणीची गाणी तिच्याइतकी कोणाला येत नाहीत. रोवणाऱ्या बायांची रांग असते, मोठीमाय एक ओळ सोडते, बाकीच्या उचलतात, आणि त्या चालीवर चिखलात हात चालतात. आता तिच्यानं रोवणं होत नाही, कंबर गेली, आणि नवीन बाया मोबाइलवर डीजे लावून रोवतात. मंडळानं ठरवलं की हिची गाणी रेकॉर्ड करून ठेवू. वर्गणी काढून पंधराशे रुपये जमवले आणि मिरग लागायच्या आधी तिला घेऊन या दुकानात गेलो. ठरलेलं एवढंच की सहा गाणी रेकॉर्ड करून पेन ड्राइव्हवर द्यायची. कागद काही केला नाही. कागद कोण करते हो?

मोठीमायला माइकसमोर उभी केली. तोंडातून शब्दच फुटेना. पहिली ओळ आली की दुसरी विसरली. दुकानदार म्हणे आजी पाणी घ्या, आजी बसून म्हणा. बसून पण नाही. मग तीच म्हणाली, "उभ्यानं नाई येत बापा, वाकल्याबिगर येतच नाई." आणि पदर खोचून वाकली, हात असे जमिनीकडं, जसं पऱ्हं लावते तसे, आणि सुरू झाली. त्या माणसानं पटकन माइक स्टँडवरून काढला, प्लास्टिकचं स्टूल आडवं केलं, त्यावर वीट ठेवली, विटेवर माइक. रोवताना बाई मागं मागं सरकते, तशी ही गात गात मागं सरकायला लागली अन् जाऊन भिंतीच्या अंड्याच्या ट्रेला टेकली. सगळे हसलो. तिला वाटलं बांधी संपली. म्हणून मग दोन पोट्टे मागं उभे केले तिला सांभाळायला.

दुपारी दोनपासून संध्याकाळी सहापर्यंत चाललं. दर बसच्या हॉर्नला थांबायचं, पुन्हा घ्यायचं. एकदाही तो माणूस कावला नाही. चहा त्यानंच पाजला. तिसऱ्या गाण्यात शेवटी एसटीचा हॉर्न राहूनच गेला कारण ते गाणं तिनं इतकं चांगलं म्हटलं होतं की पुन्हा म्हणायला लावायची आमची हिंमत झाली नाही. हे चार तास मी पाच स्टारचे धरतो.

रोवणी झाली, दिवाळी झाली. पुढच्या उन्हाळ्यात पुतण्यानं रोवणीचे फोटो जोडून त्यावर तेच तिसरं गाणं लावून व्हिडिओ बनवला अन् युट्यूबवर टाकला. तासाभरात मेसेज. कॉपीराइट क्लेम. तुमच्या व्हिडिओत दुसऱ्याचं म्युझिक आहे. कोणाचं, तर कोण्या एका म्युझिक कंपनीचं, आणि नाव नीट वाचलं तर या दुकानाचंच नाव, फक्त पुढं 'म्युझिक' जोडलेलं. कुठल्या मिनिटापासून कुठल्या मिनिटापर्यंत जुळते ते पण दाखवलं होतं. हॉर्नसकट जुळत होतं.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, आम्हाला पण तेव्हाच कळलं. युट्यूबकडं २००७ पासून कंटेंट आयडी नावाचं यंत्र आहे. ज्याच्याकडं हक्क आहे असं तो सांगतो, त्याच्या गाण्याचा ठसा त्यात ठेवतात, आणि जगातून जो कोणी व्हिडिओ टाकेल त्याच्याशी ताडून पाहतात. जुळलं की क्लेम. मग मालक ठरवतो, व्हिडिओ बंद करायचा, का चालू ठेवून जाहिरातीचे पैसे आपण घ्यायचे, का नुसतं लक्ष ठेवायचं. क्लेम म्हणजे स्ट्राइक नाही, तो वेगळा, तीन स्ट्राइक झाले की चॅनलच जाते. सामान्य माणसाला या यंत्रात थेट घुसता येत नाही, पण गाणी ऑनलाइन पोचवून देणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांना वर्षाचे थोडे पैसे दिले की त्या तुमच्या वतीनं टाकतात. यानं तेच केलेलं. फॉर्ममध्ये एक टिक असते, हे माझंच आहे अशी. केली टिक. यंत्राला कुठं माहीत मोठीमाय कोण आहे.

मोठीमायला सांगितलं तर तिला वाटलं पोलीस येते. "मी कोणाचं चोरलं बापा? माह्या मायचं गाणं हाय ते. तिनं तिच्या सासूपासून घेतलं." आम्ही म्हटलं तुझ्यावर नाही आळ, पण ती दोन दिवस नीट जेवली नाही. एक स्टार इथं गेला, आणि तो परत नाही.

पुतण्यानं आधी ऑनलाइन हरकत घेतली. समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस असतात. मी म्हटलं तीस दिवस कोण थांबते, दुकान अकरा किलोमीटरवर आहे. बाजाराच्या दिवशी गेलो, मी, पुतण्या, मंडळाचे दोघं, आणि मोठीमाय स्वतः.

दुकानदाराचं म्हणणं पण ऐकून घ्या, अगदीच खोटं नव्हतं. म्हणे, "भाऊ, मी ते चोरी होऊ नाई म्हणून टाकलं. माह्या डीजेवाल्या गाण्याईचं काय झालं ते पायलं ना तुमी, उचलून नेले पोट्ट्याईनं. उद्या आजीचं गाणं कोणं उचललं असतं त तुमी मलेच म्हटलं असतं." मी म्हटलं मग आम्हाला का नाही सांगितलं? "राहून गेलं." कमाई किती झाली? त्यानं फोन काढून दाखवलं. आठ-नऊ महिन्यांत एक्काहत्तर रुपये. खरंच दाखवलं, लपवलं नाही. आम्ही भांडायला गेलो होतो अन् तिथं सगळ्यांनाच हसू आलं.

पण पुतण्या तयारी करून आला होता. त्यानं तीन गोष्टी काउंटरवर मांडल्या आणि मला त्या पटल्या म्हणून लिहितो. पहिली, रोवणीचं गाणं कोणाचंच नाही, म्हणजे सगळ्या झाडीचं आहे, कोणी लिहिलं माहीत नाही, शेजारच्या गावची बाई तेच गाणं दोन शब्द बदलून म्हणते. त्यावर कोणाला हक्क सांगता येत नाही. दुसरी, पण हे रेकॉर्डिंग वेगळी वस्तू आहे. कायद्यात ज्यानं पुढाकार घेतला, जबाबदारी उचलली, तो रेकॉर्डिंगचा निर्माता. बाई आमची, पैसे मंडळाचे, बोलावलं आम्ही, तर निर्माता मंडळ. तू फोटो काढतो म्हणून नवरदेव होत नाही. हा हक्क साठ वर्षं चालते, आणि लेखी सहीशिवाय तो दुसऱ्याकडं जात नाही. तिसरी, गाणाऱ्याचा पण स्वतःचा हक्क असतो, पन्नास वर्षांचा, आणि २०१२ च्या बदलानंतर तिचं नाव लावणं हा पण तिचा हक्क आहे. नाव काय लावलं होतं माहितीय? गीत पारंपरिक, आणि गायकाच्या जागी दुकानाचं नाव! आठ बाय दहाची खोली गायली जणू.

मोठीमाय इतका वेळ बाकड्यावर बसून होती. ती म्हणाली, "पैसे ठेव तू, चहा पाज. नाव त लाव ना माहं." तो माणूस खरंच ओशाळला.

त्यानं आमच्यासमोर बसून त्या कंपनीला मेल टाकला, गायकाच्या जागी मोठीमायचं नाव लावा म्हणून, पुतण्यानं इंग्रजी सांगितली. कंटेंट आयडीतून सहाही गाणी काढायला लावली. फक्त आमच्या व्हिडिओवरचा क्लेम सोड म्हटलं असतं तर तेवढ्यात पण भागलं असतं, पण उद्या शेजारच्या गावच्या बाईनं आपली रोवणी टाकली अन् यंत्रानं तिच्यावर मोठीमायच्या नावानं क्लेम ठोकला तर? ते नको होतं आम्हाला. आणि युट्यूबचा नियमच आहे की ज्या गोष्टीचा हक्क एकट्याचा नाही ती त्या यंत्रात टाकायचीच नाही, दुसऱ्याच्या गाण्यांचे रीमिक्स, मॅशअप पण नाही. हे ऐकून त्याचा चेहरा पडला, त्याचं 'डीजे नागपूर' फोल्डर डोळ्यापुढं आलं असेल. क्लेम त्यानं तिथंच सोडला, बाकीची गाणी निघायला तीन-एक आठवडे लागले.

नाव बदललेलं दिसलं त्या दिवशी मोठीमायला फोनवर दाखवलं. तिला वाचता येत नाही. कोणतं अक्षर आपलं ते विचारून तिनं बोट लावलं तर व्हिडिओ दहा सेकंद पुढं गेला. पुन्हा मागं आणला, पुन्हा बोट लावलं. सात-आठ वेळा झालं असं, मग पुतण्यानं स्क्रीनशॉट काढून दिला.

त्यानंतर दुकानात एक फरक पडला. आता रेकॉर्डिंगच्या आधी तो कागद देतो, स्वतःच छापून घेतला. अर्ध्या पानाचा. कागद चांगला आहे पण सही करायच्या आधी वाचा, त्यात 'मुदत' आणि 'क्षेत्र' अशा दोन रिकाम्या जागा आहेत आणि तो म्हणते राहू द्या भाऊ रिकाम्या. राहू देऊ नका. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नाही तर कायद्यात पाच वर्षं धरतात, आणि क्षेत्र लिहिलं नाही तर सगळा भारत. आमच्या मंडळाच्या दुसऱ्या रेकॉर्डिंगला मी एक वर्ष लिहिलं, त्यानं कुरकुर केली, पण सही केली. कुठं ऑनलाइन टाकायचं नसेल तर तेही त्यातच खाली लिहा, जागा आहे.

त्याच वेळी भजनांचा पण विषय निघाला. तो म्हणे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं त सगळ्याईची, त्याले कायचा कॉपीराइट. मनानं सगळ्यांचीच आहेत, मोझरीपासून इकडं गावोगाव खंजिरी वाजते ती काही कोणाला विचारून नाही. पण लिहिणाऱ्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं असतो आणि महाराज १९६८ ला गेले. त्यानं कॅल्क्युलेटर काढून बेरीज केली. २०२८. म्हणजे ते वर्ष संपेपर्यंत. "अन् तुकोबाचे?" ते मोकळे, म्हटलं, बिनधास्त गा. सुरेश भटांच्या गझला कोणी टाकायला आणल्या तर थांब, ते २००३ ला गेले. त्यानं ते काउंटरच्या काचेखालच्या कागदावर लिहून ठेवलं, रिचार्जच्या रेटच्या बाजूला.

झेरॉक्सचं एका ओळीत उरकतो, झेरॉक्स चांगली, दोन रुपये, मधे काळा पट्टा येतो. पण पुतण्यानं त्याला दिल्लीचा किस्सा सांगितला तो ऐकून तो जाम खूश झाला. दिल्ली विद्यापीठातल्या एका लहानशा झेरॉक्स दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज अशा मोठ्या प्रकाशकांनी २०१२ ला केस टाकली होती, पोरांना अभ्यासाच्या पुस्तकांतली पानं जोडून देतो म्हणून, आणि २०१६ ला हायकोर्टानं निकाल दुकानाच्या बाजूनं दिला, पुढच्या वर्षी प्रकाशकांनी केस मागं पण घेतली. "म्हंजे मी बी जितलो?" नाही, म्हटलं, ते शिकवण्यासाठी लागणाऱ्या पानांचं होतं, तू पोलीस भरतीचं अख्खं गाईड कव्हरसकट काढून स्पायरल मारून विकतो. तरी तो दिवसभर प्रत्येक गिऱ्हाइकाला दिल्लीचं सांगत होता.

नवीन खूळ म्हणजे एआय. मागच्या महिन्यात म्हणे आजीचं गाणं मोठ्या गायकाच्या आवाजात करून देतो, लाखात व्ह्यूज जाईल. पुतण्या म्हणे अरिजित सिंग २०२४ ला मुंबई हायकोर्टात गेला होता याच्यासाठीच, त्याच्या आवाजाची अशी नक्कल करायला कोर्टानं मनाई केली. मोठीमायचा मुद्दा वेगळा होता. तिनं विचारलं, "माहा आवाज फाटला हाय का?" विषय तिथंच संपला.

तर साडेतीन. कार्ड भरायला, लग्नाच्या व्हिडिओला, गरीब गाणाऱ्याला धीर देऊन गाऊन घ्यायला याच्यासारखा माणूस तालुक्यात नाही. कागदाच्या बाबतीत डोळे उघडे ठेवा. सकाळी जाऊ नका, फॉर्मवाल्यांची रांग असते, बाजाराच्या दिवशी तर नाहीच. पेन आपला न्या, तिथला दोरीला बांधलेला चालत नाही. वीट अन् स्टूल त्याच्याकडं आहे. आणि रेकॉर्डिंगला दुपारचे दोन धरा पण साडेचारच्या आत लांबलचक गाणं उरकून घ्या, साडेचारची वडसा गाडी वळताना हॉर्न मारल्याशिवाय राहत नाही.